कॅम्परमधला गॅस गिझर मधेच का विझतो? तपासणीचा क्रम

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत नाशिक परिसरात फिरणाऱ्या कॅम्परांची, म्हणजे झोपायची-अंघोळीची सोय असलेल्या गाड्यांची, एक तक्रार ठरलेली असते. गिझर पेटतो, दोन मिनिटं छान कढत पाणी येतं आणि डोक्याला साबण लावलेला असताना धार एकदम गार होते. नळ बंद करून पुन्हा उघडला की गिझर पुन्हा पेटतो. मग कोणीतरी गिझरच बदलायला सांगतं. नवा बसवला तरी आठवड्याभरात तेच रडगाणं सुरू होतं, कारण बहुतेक वेळा दोष गिझरच्या पेटीत नसतोच. तो पेटीच्या आधी असतो: टाकीत, पंपात, सेलमध्ये किंवा सिलिंडरमध्ये. म्हणून पेचकस हातात घेण्याआधी बाहेरून आत या क्रमानं तपासा.

इथं जे सांगितलं आहे ते आपल्याकडे बनणाऱ्या बहुतेक कॅम्परांतल्या जोडणीसाठी आहे: मिनिटाला ६ लिटरचा इन्स्टंट गॅस गिझर, ५ किलोचा सिलिंडर, १२ व्होल्टचा डायफ्राम पंप आणि खाली पाण्याची टाकी. बाहेरून आलेल्या ट्रेलरमधल्या टाकीवाल्या हीटरबद्दल पुढे थोडक्यात लिहिलं आहे.

लक्षणं

नळ उघडला तरी ठिणगीचा टक-टक आवाजच येत नाही: पाण्याचा दाब अपुरा, सेल संपलेले किंवा मायक्रोस्विच (पाणी वाहू लागलं की सर्किट जागं करणारं छोटं बटण) अडकलेला.

टक-टक होते पण ज्योत धरत नाही: गॅस पोचत नाही, नळीत हवा आहे किंवा सेल इतके उतरलेत की ठिणगी पडते पण गॅसचा व्हॉल्व्ह उघडत नाही.

पेटतो आणि पाच-दहा सेकंदांत विझतो: ज्योत ओळखणारी पिन काजळलेली किंवा तिची वायर सैल.

पाणी गरम-गार-गरम असं येतं आणि त्याच तालात पंपही चालू-बंद होतो: दोष पंपाकडे. कॅम्परमध्ये सगळ्यात जास्त आढळणारं लक्षण हेच.

सुरुवातीला उत्तम, पण पाच-सात मिनिटांनी ज्योत बारीक होत जाते: सिलिंडर गारठला आहे. ज्योत बारीक न होता एकदम बंद पडत असेल तर उष्णतेचा कटआउट (पाणी फार तापलं की गॅस तोडणारा स्विच) उडतो आहे. बरोबर २० मिनिटांनी बंद होत असेल तर तो बिघाड नव्हे. बऱ्याच मॉडेलांत तेवढ्या वेळाचा टायमरच असतो.

आणि तीन लक्षणं अशी, की ती दिसली तर पुढची तपासणी करायचीच नाही: पिवळी, लांबट ज्योत आणि पेटीवर काजळी, पेटताना भपका किंवा धडाका, गिझर चालू असताना डोळे चुरचुरणं, डोकं जड होणं. सिलिंडर बंद करा आणि थेट ‘कुठं थांबायचं’ या भागाकडे जा.

आधी एक अट

गिझर कॅम्परच्या बाहेरच्या बाजूला, किंवा आतून हवाबंद आणि बाहेर जाळी व धुराड्याची वाट असलेल्या कपाटात बसवलेला असेल तरच पुढे वाचा. न्हाणीत किंवा झोपायच्या जागेत उघडा टांगलेला गिझर दुरुस्त करायचा नसतो, आधी तिथून हलवायचा असतो. हिशेब साधा आहे. १ किलो एलपीजी जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते आणि ६ लिटरचा गिझर तासाला पाऊण ते ०.९ किलो गॅस जाळतो. २० मिनिटांच्या अंघोळीत तीन-साडेतीन घनमीटर हवा संपते. चार मीटर लांब, दोन मीटर रुंद कॅम्परमध्ये सगळी मिळून १५ घनमीटर हवा असते, न्हाणीत तर जेमतेम दोन. ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. घरच्या न्हाणीघरात गॅस गिझरनं जीव गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, आणि कॅम्पर घरातल्या न्हाणीइतकाही मोकळा नसतो. झोपायच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा आणि महिन्यातून एकदा त्याचं बटण दाबून बघा.

गिझर पेटतो कसा, तेही दोन ओळींत. वाहतं पाणी आतल्या रबरी डायफ्रामला ढकलतं, डायफ्राम दांडी सरकवतो, दांडी मायक्रोस्विच सोडते, सर्किट जागं होऊन ठिणगी पाडतं आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतं. पिनेला ज्योत जाणवली तरच व्हॉल्व्ह उघडा राहतो. या साखळीतली कुठलीही कडी क्षणभर सुटली तरी गिझर विझतो. तो बिघडला म्हणून विझत नाही, सुरक्षित राहावं म्हणून विझतो.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

पहिली बादली. गरम नळ पूर्ण उघडा, गार नळ पूर्ण बंद ठेवा आणि मिनिटभरात बादलीत किती पाणी पडतं ते मोजा. अडीच-तीन लिटरच्या खाली असेल तर गिझर पेटणार नाही, पेटला तर टिकणार नाही. बऱ्याच जणांची सवय अशी की पाणी कढत लागलं की गार नळ सोडायचा. गार पाणी दाब खातं, गिझरमधून जाणारं पाणी कमी होतं, डायफ्राम मागे येतो आणि ज्योत जाते. तापमान गार पाणी मिसळून नव्हे, गिझरच्या बटणानं कमी करायचं. शॉवरच्या चाळणीत क्षार अडकले असतील तर ती काढून नुसत्या नळीनं पाणी सोडून बघा. गिझर तसा नीट चालला तर निदान तिथंच झालं. चाळणी रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा.

दुसरे सेल. आत १.५ व्होल्टचे दोन जाड सेल असतात. मल्टीमीटर नुसताच लावला तर उतरलेले सेलही २.९ व्होल्ट दाखवतात, म्हणून टक-टक चालू असताना मोजा. दोन्ही मिळून २.६ व्होल्टच्या खाली गेले तर दोन्ही बदला, एक नाही. रिचार्जेबल सेल घालू नका, ते १.२ व्होल्टचे असतात, दोघांचे मिळून २.४ होतात आणि व्हॉल्व्ह धरून ठेवायला तेवढं पुरत नाही. सेलच्या स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर दिसला तर बारीक पॉलिश पेपरनं घासा. आपल्या पावसाळ्यात, त्यातही इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या गाड्यांत, हा थर जून ते सप्टेंबरमध्ये हमखास चढतो.

काही जण सेलऐवजी गाडीच्या १२ व्होल्टवरून कन्व्हर्टर लावून ३ व्होल्ट देतात. पंप चालू-बंद होताना त्या लाइनीत झटके बसतात आणि सर्किट गोंधळतं. निदान होईपर्यंत तरी सेलवर चालवा.

तिसरा सिलिंडर. ‘शेगडी तर मस्त पेटते, मग गॅस कसा संपेल?’ हा प्रश्न सगळे विचारतात. शेगडीचा एक मोठा बर्नर तासाला दीड-दोनशे ग्रॅम गॅस घेतो, गिझर त्याच्या चार-पाच पट. शेगडीला पुरणारा गॅस गिझरला पुरेलच असं नाही. सिलिंडर हुकच्या वजनकाट्याला लावा. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या कड्यावर कोरलेलं असतं, ते वजा केलं की उरलेला गॅस कळतो. दीड किलोच्या आत आला असेल तर थंड सकाळी गिझर कुरकुरणारच.

याचं कारण समजून घ्या, म्हणजे उगाच रेग्युलेटर बदलत बसणार नाही. सिलिंडरमधला गॅस द्रवरूप असतो. तो उकळून वायू होतो आणि उकळायला लागणारी उष्णता सिलिंडरच्या पत्र्यातून, म्हणजे बाहेरच्या हवेतून घेतो. पाच किलोच्या सिलिंडरला पत्रा थोडा आणि आत गॅस कमी असला तर द्रवाला टेकलेला पत्रा आणखी थोडा. गिझर एवढ्या वेगानं गॅस ओढतो की सिलिंडर स्वतःच गारठतो. हात लावून पाहा, खालच्या भागावर दव किंवा पांढरं दहिवर दिसेल. एलपीजीतला प्रोपेन उणे ४२ अंशांलाही उकळतो, पण ब्युटेनचं उकळणं शून्य अंशाच्या आसपास थांबतं. निफाडला काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्या खाली जातो. अशा पहाटे अर्धा रिकामा छोटा सिलिंडर, त्यात प्रोपेन आधीच उडून गेलेला, गिझरचा मेळ घालू शकत नाही. उपाय: भरलेला सिलिंडर लावा, जागा असेल तर मोठा ठेवा, दोन अंघोळींमध्ये दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या, गॅसचं बटण मधल्या खुणेवर ठेवा. सिलिंडरला शेकोटी, स्टोव्ह, हेअर ड्रायर, उकळतं पाणी यांपैकी काहीही दाखवायचं नाही. जास्त दाबाचा, फिरवून दाब वाढवता येणारा हॉटेलचा रेग्युलेटर लावणं हा तर शुद्ध अविचार. घरगुती रेग्युलेटर सुमारे ३० मिलिबार दाब देतो आणि गिझरचे नोझल तेवढ्याचसाठी बनवलेले असतात.

सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीत हवा असते. आधी शेगडी पेटवून हवा जाऊ द्या, मग गिझरचा नळ दोन-तीनदा उघड-बंद करा, प्रत्येक वेळी मध्ये अर्धा मिनिट थांबून. सलग टकटकवत राहिलात तर न जळालेला गॅस पेटीत साठतो आणि पेटताना भपका होतो.

भगवी नळी दुमडलेली, कोपऱ्यात घासलेली नाही ना, तेही याच वेळी पाहा. तिच्यावर वर्ष छापलेलं असतं. पाच वर्षं झाली की बदलायची. गळती साबणाच्या फेसानं तपासा, काडी पेटवून कधीच नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळलेला गॅस तळाशी साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, थेट बाहेर उघडणारी जाळी हवीच.

पन्नास-शंभर रुपयांच्या आतल्या तपासण्या

जाळ्या. पाण्याच्या वाटेवर दोन जाळ्या असतात: पंपाच्या तोंडाशी पारदर्शक वाटीतली आणि गिझरच्या गार पाण्याच्या तोंडात बसवलेली बारीक. पहिली दिसते म्हणून धुतली जाते, दुसरी विसरली जाते. पंप बंद करा, नळ उघडून दाब सोडा, मग गिझरखालचा अर्ध्या इंचाचा नट खोला. इथं दोन पाने लागतात: एकानं गिझरचं निप्पल धरून ठेवायचं, दुसऱ्यानं नट फिरवायचा. एकाच पान्यानं जोर लावला तर आतली तांब्याची नळी पिळवटते आणि जोडाशी चिरते. मग वीस रुपयांच्या जाळीपायी कॉइल बदलावी लागते. जाळी टूथब्रशनं धुवा, उजेडासमोर धरा, सगळी भोकं मोकळी दिसली पाहिजेत. वॉशर चपटा झाला असेल तर नवा घाला.

गाळ येतो कुठून, तर टाकी भरताना. गंगापूर धरणातून येणारं महापालिकेचं पाणी त्या मानानं सौम्य असतं. पण दिंडोरीच्या द्राक्षबागेत, सिन्नरकडे एखाद्या मळ्यात मुक्काम झाला की बोअरचं पाणी भरलं जातं. त्यात क्षारही असतात आणि कधी बारीक काळी रेतीही. भरायच्या नळीला साधा धाग्याचा फिल्टर लावला तर गिझर आणि पंप दोघांचं आयुष्य वाढतं.

पंप

आता मुख्य दुखणं. पंपाजवळ कान देऊन कोणालातरी नळ उघडायला सांगा. सलग घरघर येत असेल तर ठीक. ‘टर्रर्र, गप्प, टर्रर्र, गप्प’ असं सेकंदा-सेकंदाला होत असेल तर गिझर विझण्याचं कारण सापडलं. पंपाचा प्रेशर स्विच वरच्या दाबाला बंद होतो आणि खालच्या दाबाला सुरू. नळातून जाणारं पाणी पंपाच्या क्षमतेपेक्षा कमी असलं की दाब चटकन चढतो, पंप थांबतो, दाब पडतो, पंप सुरू होतो. प्रत्येक पडत्या दाबाला गिझरचा डायफ्राम मागे येतो आणि मायक्रोस्विच गॅस तोडतो. गिझर अगदी बरोबर वागत असतो.

यावर खरा उपाय म्हणजे पंपानंतर आणि गिझरच्या आधी एक लिटरची छोटी प्रेशर टाकी, जिला अॅक्युम्युलेटर म्हणतात. आत रबरी फुगा असतो, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पाणी. पंप थांबतो तेवढ्या वेळात ही टाकी पाणी ढकलत राहते आणि दाब सपाट राहतो. ती नुसती जोडून भागत नाही, तिच्यातली हवा नीट भरावी लागते, आणि इथंच बहुतेकांचं चुकतं. पंप बंद, नळ उघडा, पाण्याचा दाब शून्य असताना सायकलच्या पंपानं हवा भरा. पंप ज्या दाबाला सुरू होतो त्यापेक्षा तीन-चार पीएसआय (दाबाचं एकक) कमी. पंप २५ ला सुरू होत असेल तर २१-२२. पाण्याचा दाब असताना मोजलं तर आकडा खोटा येतो. हवा दर सहा महिन्यांनी तपासा. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे नाशिकमध्ये न्यूमॅटिक आणि हायड्रॉलिकचं जोडसामान मिळायला अडचण येत नाही, फक्त आटे जुळताहेत ना ते जुना नट बरोबर नेऊन पाहा.

पंपाच्या प्रेशर स्विचचा स्क्रू गेज नसताना फिरवू नका. दाब वाढवून पंपाचं चालू-बंद थांबत नाही, उलट गिझरचे जोड गळायला लागतात.

पंप सलग चालतो पण पाणीच कमी येतं, तर व्होल्टेज मोजा: पंप चालू असताना, पंपाच्या टोकांवर. बॅटरीवर १२.६ आणि पंपावर ११.२ असेल तर मधली वायर खाते आहे. पंप ७ अँपिअर घेतो आणि बॅटरी ५ मीटरवर आहे असं धरा. जाऊन-येऊन वायर १० मीटर. १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत सव्वा व्होल्टच्या आसपास घट होते, २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत अर्धा व्होल्ट. वायर बदलण्याआधी फ्यूजचा होल्डर आणि अर्थिंगचा बोल्ट उघडून घासा. बऱ्याचदा घट तिथंच असते.

उन्हाळा, हिवाळा आणि कटआउट

६ लिटरचा गिझर मिनिटाला ६ लिटर पाण्याचं तापमान साधारण २५ अंशांनी वाढवतो. पाणी तीन लिटरवर आलं की तीच उष्णता ते ५० अंशांनी तापवते. एप्रिलमध्ये दुपारभर उन्हात उभ्या राहिलेल्या कॅम्परच्या टाकीतलं पाणी आधीच ३० अंशांवर असतं. त्यात ५० मिळवले की ८०. कॉइलवरचा कटआउट गॅस तोडतो, तोडायलाच हवा. उन्हाळ्यात बटण उन्हाळ्याच्या खुणेवर, गॅस कमीत कमी, पाणी जास्तीत जास्त. एवढ्यानं प्रश्न सुटतो.

‘मुंबईत चालत होता, कसारा घाट चढून आलो आणि बंद पडला, उंचीमुळे असेल’ असंही ऐकू येतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. एवढ्या उंचीनं गिझरला काही फरक पडत नाही. घाटातल्या हादऱ्यांनी सेलचा डबा किंवा पिनेची वायर सैल होते, ती आधी पाहा. हिमाचलमधल्या उंचावरच्या स्पितीला जायचं असेल तर उंचीचा विचार करा, आणि तिथं रात्री गिझर रिकामा करायलाही विसरू नका, पाणी गोठलं की कॉइल फाटते.

झाकण उघडून करायच्या गोष्टी

सिलिंडर बंद, रेग्युलेटर काढलेला, सेल बाहेर, गिझर थंड. हे झाल्याशिवाय झाकणाचे स्क्रू काढू नका.

आधी पिना. दोन असतात: ठिणगीची आणि ज्योत ओळखणारी. ठिणगीची पिन बर्नरपासून तीन ते पाच मिलिमीटरवर हवी. हादऱ्यांनी ती वाकते. दुसरी पिन ज्योतीत यावी लागते. तिच्यावर काजळी किंवा पांढरट थर असेल तर बारीक पॉलिश पेपरनं हलक्या हातानं पुसा. चिनी मातीच्या खोळीला तडा असेल तर पिन बदला, चिकटवू नका. वायरीची टोकं काढून घट्ट बसवा.

मग बर्नर. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत कोळ्याची जाळी आणि कुंभारमाशीची मातीची घरटी बर्नरच्या नळकांड्यांत हमखास सापडतात. टॉर्च खालून वर मारून पाहा: एखाद्या नळकांड्याच्या तोंडाशी करड्या मातीचा बोटाच्या पेराएवढा गोळा दिसेल. त्या नळकांड्याला हवा मिळत नाही, ज्योत पिवळी पडते, वरच्या तांब्याच्या पात्यांत काजळी भरते. मऊ ब्रश आणि सायकलचा पंप एवढंच वापरा. नोझलच्या भोकात सुई, टाचणी, वायर घालायची नाही. भोक केसभर जरी मोठं झालं तरी गॅस जास्त सुटतो आणि काजळी कायमची मागे लागते. पात्यांमधली काजळी ब्रशनं झाडा. ती चिकट आणि भरपूर असेल तर काम तिथंच थांबवा.

क्षारांची खूण वेगळी असते: धार महिन्यागणिक बारीक, पाणी पूर्वीइतकं तापत नाही, कॉइलमधून गुरगुर. यासाठी पाच लिटर कोमट पाण्यात २५० ग्रॅम सायट्रिक अॅसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व. बादली गिझरच्या उंचीला ठेवा, कूलरच्या छोट्या पंपानं गार तोंडातून आत सोडा, गरम तोंडातून परत बादलीत. पाऊण ते एक तास. सेल काढलेले असणं इथं फार महत्त्वाचं, नाहीतर पाणी वाहताच गिझर ठिणगी पाडायला लागेल. बुडबुडे थांबले की काम झालं. पाण्याला निळसर-हिरवी छटा यायला लागली तर लगेच थांबा, आता क्षार नव्हे, तांबं विरघळतंय. नंतर दहा-पंधरा लिटर स्वच्छ पाणी सोडा. संडास धुवायचं अॅसिड या कामाला अजिबात नाही. ते जोड आणि कॉइल खातं.

शेवटचा डायफ्राम. पाणी भरपूर, सेल नवे, तरी टक-टक नाही आणि मायक्रोस्विचची पट्टी बोटानं हलवली की लगेच टक-टक होते (सिलिंडर बंदच ठेवून, सेल तेवढ्यापुरते आत घालून हे करायचं), तर डायफ्राम फाटला आहे किंवा दांडी क्षारांनी अडकली आहे. पाण्याच्या बाजूचं झाकण चार-सहा स्क्रूंवर असतं. आपल्याच मॉडेलचा डायफ्राम घ्या, दांडीला सिलिकॉन ग्रीस लावा, स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीनं आवळा. पाण्याचा आणि गॅसचा भाग जिथं जोडला आहे तिथल्या बारीक भोकातून पाणी ठिबकत असेल तर आतली ओ-रिंग गेली आहे. तो जोड तुम्ही उघडू नका.

टाकीवाला हीटर असेल तर

बाहेरून आलेल्या ट्रेलरमध्ये बहुधा २०-२२ लिटरची टाकी असते. पाणी कोमटच येतं, तर आधी मागचे बायपासचे, म्हणजे पाणी टाकीत न नेता परस्पर पुढे सोडणारे, व्हॉल्व्ह पाहा. साठवणीच्या वेळी फिरवलेले तसेच राहतात. टाकी स्टीलची असेल तर तिच्यात मॅग्नेशियमचा अॅनोड दांडा असतो, जो टाकीऐवजी स्वतः गंजत जातो. तो दरवर्षी काढून पाहायचा आणि तीन-चतुर्थांश खाल्ला गेला की बदलायचा. आपल्या बोअरच्या पाण्यात तो लवकर झिजतो. अॅल्युमिनियमच्या टाकीला दांडा नसतो, घालायचाही नाही. टाकी पूर्ण भरल्याशिवाय विजेचा एलिमेंट सुरू केला तर तो काही मिनिटांत जळतो.

कुठं थांबायचं

गॅसचा वास येतोय आणि फेसानं जागा सापडत नाही. ज्योत पिवळी, लांबट आणि पेटीवर काजळी, किंवा साफसफाईनंतरही ज्योत पिवळी. भपका. कॉइलमधून पाणी थेट बर्नरवर ठिबकतंय. गॅसचा व्हॉल्व्ह, सर्किट किंवा नोझल बदलायचाय. धुराड्याची वाट बदलायची आहे. यांपैकी काहीही असलं की काम अधिकृत माणसाचं: गिझरच्या कंपनीचा सर्व्हिस मेकॅनिक किंवा गॅस वितरकाचा मेकॅनिक. गाडीत बसवलेला गिझर पाहायला पुष्कळ जण नकार देतात. अशा वेळी गिझर उतरवून त्यांच्याकडे न्या, पण परत बसवताना गॅसची जोडणी गॅस फिटरकडूनच करून घ्या आणि तुमच्यासमोर गळती तपासायला सांगा.

गळती मोठी असेल तर सिलिंडर बंद करून सगळे बाहेर, दारं उघडी, विजेच्या एकाही बटणाला हात नाही, आणि १९०६ या एलपीजीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन, तोही गाडीपासून लांब जाऊन. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला किंवा एकाच वेळी दोघा-तिघांना डोकेदुखी, मळमळ, चक्कर सुरू झाली तर आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, मग १०८ ला फोन करा आणि गिझर चालू होता हे आवर्जून सांगा.

एखादा मेकॅनिक म्हणेल, कटआउट सारखा उडतोय, ‘डायरेक्ट’ करून देतो, म्हणजे तो वगळून तारा थेट जोडतो. मायक्रोस्विच किंवा पिनेबद्दलही हेच सांगितलं जातं. नको म्हणा आणि गाडी तिथून काढा. डायरेक्ट केलेला गिझर विझत नाही, हे खरं आहे. पाणी संपलं तरी विझत नाही, हवा संपली तरीही नाही.

गाडी चालू असताना सिलिंडर बंद ठेवायचा, पेट्रोल पंपावर तर नक्कीच.

पावसाळ्यात गाडी उभी करताना

गिझरच्या तळाचा ड्रेनचा स्क्रू काढून पाणी सोडा, दोन्ही नळ उघडे ठेवा. पंप अर्धा मिनिट रिकामा चालवून जाळीची वाटी पुसा. सेल काढा. सिलिंडरवर त्याची प्लास्टिकची टोपी घाला. कुंभारमाशी शिरू नये म्हणून धुराड्यावर आणि हवेच्या जाळीवर कापड बांधा, आणि ‘कापड काढलं का?’ अशी चिठ्ठी रेग्युलेटरलाच बांधून ठेवा, कारण ऑक्टोबरमध्ये सगळ्यात आधी हात त्यालाच लागतो. सोबतच्या डब्यात दोन नवे सेल, आपल्या मॉडेलचा एक डायफ्राम, अर्ध्या इंचाचे चार वॉशर, गार तोंडाची एक जाळी, टेफ्लॉन टेप, दोन पाने आणि जुना टूथब्रश.